तीन युजर, एक वर्ष

घरच्या कॉम्प्युटरला अँटिव्हायरस फुकटचा टाकावा की विकतचा, या प्रश्नावर वागळे इस्टेटीत तीन पक्ष आहेत. पहिला फुकटवाल्यांचा, दुसरा विकतवाल्यांचा आणि तिसरा 'काही टाकू नका, विंडोज बघून घेतं' म्हणणाऱ्यांचा. आता ठाण्यात तीन पक्ष म्हटल्यावर फूट, पक्षांतर आणि रातोरात झालेली युती हे ओघानंच आलं. वर्षाची मुदत संपली की कट्टर विकतवाला महिनाभराच्या फ्री ट्रायलवर जाऊन बसतो. आणि मुलाचा बारावीचा प्रोजेक्ट उडाला की कट्टर फुकटवाला दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर जायची वाट बघत उभा असतो.

हा वाद इथंच इतका पेटतो त्याला कारण आहे. १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसीचा श्रीगणेशा झाला तो या वागळे इस्टेटीत. तेव्हापासून इथं माणसाची किंमत तो काय दुरुस्त करू शकतो यावर ठरत आली. पुढं एकेक कंपनी बंद पडली आणि तिच्या जागी काचेचे आयटी पार्क उभे राहिले. वडील ज्या रस्त्यावरून फर्स्ट शिफ्टला जायचे त्याच रस्त्यावर आता मुलगा गळ्यात पट्टा अडकवून नाइट शिफ्टला जातो. त्यामुळे श्रीनगर, किसननगर, सावरकरनगर इथल्या घरांत साधारण एकच चित्र दिसतं. एक निवृत्त फिटर, ज्याला हाताला न लागणारी वस्तू पैसे देऊन घेणं पटत नाही. एक आयटीतला मुलगा, जो अमेरिकेतल्या बँकेचे सर्व्हर सांभाळतो, पण घरच्या कॉम्प्युटरला हात लावायला सांगितलं की 'बघतो रविवारी' म्हणतो. आणि या दोघांच्या मधे, क्रोशाच्या कव्हरखाली, रविवारची वाट बघणारा डेस्कटॉप.

फुकटवाल्यांपासून सुरुवात करू, कारण ते संख्येनं जास्त आहेत. फुकटवाला हा गरीब नसतो. त्याच्याकडं पैसे असतात, पण आपण फसलो नाही हे त्याला सिद्ध करायचं असतं. 'जे फुकट मिळतं त्याला पैसे देणारा मूर्ख,' हे त्याचं ब्रीद. एकेकाळी त्याच्या कॉम्प्युटरमधून दर थोड्या वेळानं एक बाई इंग्रजीत घोषणा करायची, की व्हायरसची यादी अद्ययावत झाली आहे. रात्री दीड वाजता, घरात सामसूम असताना, अचानक. आमच्या ओळखीच्या एका आजींनी सुनेला बाजूला घेऊन विचारलं होतं, 'ही बाई रात्रीची कोणाशी बोलते गं? आणि तुझा नवरा तिला काही म्हणत कसा नाही?'

बाई गप्प झाली आणि चौकटी आल्या. फुकटचा अँटिव्हायरस व्हायरसपेक्षा मालकालाच जास्त हुडकत असतो. वीज बिल भरायला बसावं तर कोपऱ्यातून लाल चौकट वर येते : तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे! धोका काय, तर म्हणे बत्तीस अडचणी सापडल्या. त्यातल्या बहुतेक म्हणजे जुन्या रिकाम्या फायली आणि उशिरा सुरू होणारे प्रोग्रॅम. अडचणी शोधून देणं फुकट, त्या काढायला पैसे. निवृत्त फिटर काका त्या चौकटीकडं बघून म्हणतात, 'आमच्या कंपनीत एक सुपरवायझर असाच होता. मशीन बंद आहे हे सांगायला धावत यायचा. चालू कधी केलं नाही.'

आता गंमत ऐका. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचे एव्हीजीवाले आणि चौथ्या मजल्यावरचे अवास्टवाले यांच्यात कोणाचा फुकटचा चांगला यावर बरीच वर्षं अबोला होता. दोन्ही कंपन्या मूळच्या चेक देशातल्या. २०१६ साली अवास्टनं एव्हीजी विकत घेतली. ही बातमी इमारतीत पोचेपर्यंत तिकडं आणखी उलथापालथ झाली. नॉर्टन या खानदानी विकतवाल्या कंपनीनं आधी जर्मनीची अविरा घेतली आणि २०२२ मध्ये अवास्टलाच आपल्यात ओढून घेतलं. या सगळ्या गोतावळ्याचं नाव आता जेन डिजिटल. म्हणजे दुसरा मजला, चौथा मजला आणि त्या दोघांना कमी लेखणारे, नॉर्टनला डॉलरात पैसे मोजणारे सातव्या मजल्यावरचे साहेब, हे सगळे एकाच मालकाचे गिऱ्हाईक निघाले. अबोला मात्र चालू आहे. तो काही अँटिव्हायरसवरून नव्हता, पार्किंगवरून होता, असं आता दोघं सांगतात.

आणि फुकट म्हणजे किती फुकट, त्याचाही हिशोब लागला आहे. लोक इंटरनेटवर कुठं कुठं फिरतात याची माहिती अवास्टनं आपल्या जम्पशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकली. बोभाटा झाल्यावर २०२० मध्ये जम्पशॉटला टाळं लागलं आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं या प्रकरणात १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. चौथ्या मजल्याला हे सांगितलं तेव्हा त्यांना राग आला नाही, उलट थोडं बरंच वाटलं. 'म्हणजे आपण काय बघतो ते बघायला तिकडं लोक पैसे देतात?' असं त्यांनी बायकोकडं सूचक नजर टाकत विचारलं. 'द्या म्हणावं,' काकू म्हणाल्या. 'दिवसभर क्रिकेटचा स्कोअर आणि मूळव्याधीचे उपाय. घ्या म्हणावं विकत.'

विकतवाल्यांची बाजू जरा अभिमानाची आहे, कारण त्यांच्या पाठीशी मराठी माणूस आहे. क्विक हील ही पुण्याची कंपनी. कैलास काटकर दहावीनंतर शाळा सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागले आणि पुढं त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. धाकटे भाऊ संजय यांना त्यांनी कॉम्प्युटर शिकायला लावलं. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांतून व्हायरस निघू लागले, तेव्हा ते साफ करणारे प्रोग्रॅम संजय लिहू लागले. त्यातून १९९५ साली कंपनी नोंदवली गेली आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. योगायोग बघा, पीसीवरचा पहिला मानला जाणारा 'ब्रेन' हा व्हायरस १९८६ साली लिहिला तोही दोन भावांनीच, लाहोरच्या अल्वी बंधूंनी. त्यांच्या म्हणण्यानुसार त्यांच्या सॉफ्टवेअरच्या चोरून प्रती काढणाऱ्यांना धडा शिकवायचा होता. त्या व्हायरसच्या पोटात त्यांनी आपलं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घालून ठेवला होता. काय सभ्य जमाना! हल्लीचे व्हायरस खंडणी मागतात, पण नाव विचारलं तर सांगत नाहीत.

तर विकतचा अँटिव्हायरस दुकानात डब्यात मिळतो. एवढ्या मोठ्या डब्यात एक सीडी, एक पुस्तिका आणि नखानं खरवडायचा एक नंबर असायचा. आता कॉम्प्युटरला सीडीची खाचच नसते, पण डबा हवाच. हजार रुपये दिल्यावर हातात नुसता नंबर घेऊन घरी जाणं वागळे इस्टेटीला मान्य नाही. डबा पुढं टीव्हीच्या कपाटावर, गॅसच्या पुस्तकाशेजारी, मुदत संपल्यावरही अनेक वर्षं उभा असतो.

त्यातला खरा खेळ 'तीन युजर, एक वर्ष' या पॅकमध्ये आहे. एका घरासाठी एक युजरचा पॅक महाग पडतो. तीनचा घेतला तर माणशी स्वस्त. मग घरात कॉम्प्युटर एक असला म्हणून काय झालं? शेजारी आहेत की! तिघांनी वर्गणी काढायची, एकानं डबा आणायचा, नंबर तिघांत वाटायचा. नियमात हे बसतं का, हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं, आणि पुस्तिका पहिल्याच दिवशी खिडकीच्या फटीत, ती खडखडू नये म्हणून, गेलेली असते.

पहिले दोन महिने सगळं सुरळीत. मग एकाचा कॉम्प्युटर हँग होतो, दुरुस्तीवाला येतो आणि त्याचं ठरलेलं निदान करतो, 'फॉरमॅट मारावा लागेल.' फॉरमॅट मारल्यावर नंबर पुन्हा टाकायला जावं तर तिन्ही जागा भरलेल्या! कारण दुसऱ्यानं आपल्या मेहुण्याच्या डोंबिवलीतल्या लॅपटॉपवर तोच नंबर परस्पर टाकलेला असतो. आता जागा कोणाची? वर्गणी कोणी जास्त दिली? डबा कोणाच्या घरी आहे? हा तंटा सोसायटीच्या वार्षिक सभेत 'आयत्या वेळचे विषय' यात येऊन गेल्याचं आम्ही पाहिलं आहे. सेक्रेटरींनी इतिवृत्तात त्याची नोंद 'विषाणूसंबंधी चर्चा झाली' अशी केली. पुढं कोविडच्या काळात ते जुनं पान कोणीतरी चाळलं आणि सेक्रेटरींच्या दूरदृष्टीचं कौतुक झालं.

तिसरा पक्ष बोलतो कमी, पण त्याचं म्हणणं सगळ्यांत वजनदार आहे. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर विंडोजबरोबरच घरात येतो. वेगळे पैसे नाहीत, चौकटी नाहीत, बाई नाही. जर्मनीत मॅग्डेबर्गला आणि ऑस्ट्रियात इन्सब्रुकला अँटिव्हायरसची परीक्षा घेणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. तिथं हा डिफेंडर एकेकाळी काठावर यायचा. गेली काही वर्षं तो विकतवाल्यांच्या बरोबरीनं गुण घेतोय. दुसरा अँटिव्हायरस टाकला की तो आपण होऊन बाजूला होतो. पण काही सावध मंडळी फुकटचा आणि विकतचा असे दोन्ही एकदम टाकतात. मग ते दोघं एकमेकांच्याच फायलींवर संशय घेत बसतात आणि कॉम्प्युटर इतका मंदावतो की आत आलेला व्हायरससुद्धा कंटाळून झोपत असावा.

तरीही तिसऱ्या पक्षाच्या म्हणण्यात एक मेख आहेच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि जुन्या डेस्कटॉपांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. हे ऐकून फिटर काका म्हणाले, 'म्हणजे तोही माझ्यासारखाच रिटायर झाला. फरक एवढाच, की त्याला पीएफ नाही आणि घरातले त्याला अजून कामाला लावतात.'

या तिन्ही पक्षांत न बसणारा एक अपक्षही आहे. तो विकतचा अँटिव्हायरस फुकटात वापरतो, म्हणजे क्रॅक टाकून. त्याची कृती अशी. कुठून तरी फाइल उतरवायची. तिच्याबरोबर आलेल्या सूचना वाचायच्या. पहिली सूचना असते : 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' आणि हा गृहस्थ चोरापासून वाचण्यासाठी चोरानं आणून दिलेलं कुलूप, चोराच्याच सांगण्यावरून, दार उघडं टाकून बसवतो. नंतर छातीठोकपणे सांगतो, 'टाकल्यापासून एकही व्हायरस पकडला नाही त्यानं.' पकडणार कसा? दोघं एकाच गाडीनं आलेत!

एवढं भांडण होतं, पण व्हायरस येतो कुठून, हे कोणी विचारत नाही. आपल्याकडं तो बरीच वर्षं पेन ड्राइव्हवर बसून आला. आता पासपोर्टचंच घ्या. पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटीतच रोड नंबर २२ ला आहे. आधी तो रोड सापडायला हवा, कारण इथले रस्ते नंबरांनी ओळखले जातात आणि १६ नंबर सापडला म्हणून १६-झेड सापडेलच असं नाही. घामाघूम होऊन माणूस दारात पोचतो आणि तेव्हा त्याला कळतं की एका कागदाची प्रिंट राहिली. वेळ सव्वादहाची, घड्याळात दहा वाजून पाच. अशा प्रसंगी सबंध महाराष्ट्रात माणूस जवळच्या झेरॉक्सच्या दुकानाकडं धावतो आणि खिशातला पेन ड्राइव्ह पुढं करतो. त्या कॉम्प्युटरला सकाळपासून अनेक पेन ड्राइव्ह लागून गेलेले असतात. प्रिंट मिळते, पासपोर्टही मिळतो. घरी आल्यावर पेन ड्राइव्ह उघडावा तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले! त्याच्याही आधीच्या काळात 'न्यू फोल्डर' नावाचं एक पिवळं चित्र यायचं. फोल्डरच आहे म्हणून माणूस उघडायचा आणि तो निघायचा प्रोग्रॅम. आपल्या घरात आपण न केलेलं नवं फोल्डर कसं काय, हा प्रश्न फक्त सासूबाईंना पडायचा.

बरं, हे झालं कॉम्प्युटरच्या वाटेनं येणाऱ्याचं. त्याला कोणताही धड अँटिव्हायरस बऱ्यापैकी अडवतो. पण मुलुंड चेकनाक्याचे जकातीचे दिवस आठवा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, त्याआधी तिथं ट्रकांची ही लांब रांग. कारकून कागद बघणार, यादी ताडून बघणार, ताडपत्री वर करून बघणार. आणि त्याच वेळी शेजारून जाणाऱ्या टीएमटीच्या बसमध्ये एक मामा मांडीवर पिशवी घेऊन निवांत बसलेले. पिशवीत काय आहे, कोणी विचारलं? अँटिव्हायरस हा तो नाका आहे. ओळखीच्या मालाची यादी त्याच्याकडं असते, संशयी चाल दिसली तर तो ट्रक बाजूलाही घेतो. पण आपणच हाताला धरून ज्याला घरात आणलं त्या मामांना तो काय करणार?

आणि हल्ली सगळा धंदा मामांचाच आहे. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका येते, उघडायला जावं तर ती एपीके, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल, निघते. आता आपल्याकडं पत्रिका आली की लग्न कोणाचं हे माहीत नसलं तरी उघडून हॉल कुठला ते बघणं हा रिवाज आहे. वाहतूक विभागाच्या नावानं दंडाची पावती येते, तीही तसलीच. ज्याच्याकडं आयुष्यात सायकलपलीकडं वाहन नव्हतं असा माणूसही आपला नंबर कुठल्या सिग्नलला टिपला हे बघायला ती उघडतो. फोनवर गोड आवाजात केवायसी येते, खाकी कपड्यांत डिजिटल अरेस्ट येते. यात आपणच बळी असतो असंही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी रात्रीतून मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली पोरं अमेरिकेचे कर अधिकारी असल्याची बतावणी करून तिकडच्या लोकांना फोनवरून घाबरवत होती आणि पैसे काढत होती. त्या अमेरिकनांच्या घरी कॉम्प्युटरही असतील, त्यात विकतचे अँटिव्हायरसही असतील. पण फोन उचलणाऱ्या हातात कोणी अँटिव्हायरस टाकलेला नव्हता. शेकडो माणसं पोलिसांनी ताब्यात घेतली. आपल्या जिल्ह्यानं रोजगारनिर्मितीत मागं राहायचं नाही ठरवलं, की असं होतं.

फुकट आणि विकत यांच्या भांडणात तिसरी एक फुकटची गोष्ट सगळेच विसरतात, ती म्हणजे अपडेट. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभर धुमाकूळ घातला. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच देऊन ठेवलं होतं. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला आणि आपल्या जेएनपीटीतलं एक टर्मिनल ठप्प झालं. म्हणजे युक्रेनमध्ये सुटलेला व्हायरस उरणच्या रस्त्यावर कंटेनरची रांग लावून गेला. आणि आपल्या घरी? अपडेट आलं की 'नंतर आठवण करून द्या' दाबायचं. जुनं विंडोज असेल तर दुरुस्तीवाला अपडेट कायमचं बंद करून देतो आणि वर सांगतो, 'आता मशीन पळेल बघा.' मशीन पळतं, आणि एक दिवस त्यातल्या फोटोंसकट पळून जातं.

गाळ्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तिथं मी विकतवाल्यांच्या बाजूचा आहे. रोड नंबर २८ असो की ३३, गाळ्यात पुढं लेथ असते आणि मागं प्लायवुडच्या केबिनमध्ये टॅलीचा कॉम्प्युटर. त्यात सगळी बिलं, सगळी येणी आणि पार्टीला न दाखवायची एक फाइल. फुकटच्या अँटिव्हायरसच्या अटींत तो घरगुती वापरापुरता असल्याचं बहुधा लिहिलेलं असतं, पण मालक म्हणतो, 'आम्ही सगळे घरच्यासारखेच आहोत.' खंडणीखोर व्हायरसनं टॅलीच्या फायलींना कुलूप लावलं तर वसुलीचा आधारच जातो. तिथं पैसे भरून, चार कॉम्प्युटर एका जागेवरून सांभाळणारं काहीतरी घ्यावं. आणि रोज संध्याकाळी एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेल्या डिस्कलाही कुलूप लागतं.

घरासाठीचा निवाडा त्याहून सोपा आहे, आणि तो मी एका रविवारी गच्चीवर तिन्ही पक्षांसमोर मांडला. डिफेंडर चालू ठेवा. अपडेट आलं की होऊ द्या. क्रॅकला हात लावू नका. लग्नाच्या आणि मुलांच्या फोटोंची एक प्रत बाहेर काढून ठेवा. अनोळखी माणसानं सांगितलं म्हणून कॉम्प्युटरचा ताबा देऊ नका, ओटीपी देऊ नका. एवढं पाळलंत तर घरासाठी वेगळा अँटिव्हायरस घेतला काय आणि न घेतला काय, फारसा फरक पडत नाही. हजार रुपये वाचतील.

सगळ्यांनी माना डोलावल्या. फुकटवाले खूश झाले, कारण पैसे वाचले. तिसरा पक्ष नुसता हसला. फिटर काका मात्र बराच वेळ विचार करत होते.

'तुमचं सगळं पटलं,' ते म्हणाले. 'पण समजा, तरीही काही झालंच, तर फोन कोणाला करायचा?'

'पैसे गेले असतील तर १९३०. सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे,' मी म्हणालो.

'ती तक्रार झाली हो,' काका म्हणाले. 'मी विचारतोय, ओरडायचं कोणावर? डब्याचे पैसे दिले की दुकानदाराला रात्री दहाला फोन करता येतो. तो दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून घरी येतो, चहा घेतो, बोलणी खातो. फुकटवाल्यानं तक्रार करायला चेक देशात जायचं का?'

यावर तिन्ही पक्षांत एकदम शांतता पसरली. विंडोज सांभाळायला डिफेंडर पुरतो हे सगळ्यांना कळलं होतं, पण बिल गेट्सला रात्री दहाला झापता येत नाही, हेही तितकंच खरं होतं. दुसऱ्या मजल्यानं चौथ्या मजल्याकडं बघितलं. काकांनी खिशातून पाकीट काढलं आणि गच्चीवरच वर्गणी सुरू झाली.

'तीन युजरचाच घेऊ,' काका म्हणाले. 'पण या वेळी डबा माझ्याकडं राहील.'